चौथा कोपरा

४ फेब्रुवारी

बारके,

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. आत्या म्हणाली, "लिही, वाचते ती." वाचते म्हणजे फाडत नाही, एवढंच मी धरून चाललोय. पत्ता तिनंच दिला. तिच्यावर चिडू नकोस, मी फार पिच्छा पुरवला.

इथलं ठीक आहे. बॅडमिंटन हॉलमधल्या तिसऱ्या कोर्टावरचा दिवा फडफडतो. सेक्रेटरी म्हणतात, बघू. सकाळी मुलांची बॅच, दुपारी गटिंग, रॅकेटींच्या तारा ओढत बसतो. गटिंगचं मशीन तुझ्या खोलीत हलवलंय, तिथे उजेड चांगला. लोकांच्या रॅकेटी तुझ्या कॉटवर ठेवतो, पण संध्याकाळी सगळ्या उचलतो.

आता मुद्द्यावर येतो.

तू सप्टेंबरात गेलीस. तेव्हापासून मी तो तिसरा गेम मनात खेळतोय आणि मला अजून तुझं म्हणणं कळलेलं नाही. सेमीफायनल. समोर शिडी. (तिचं खरं नाव मी आजही विसरतो. आपण तिला पहिल्यांदा बघितलं तेव्हा तूच म्हणालीस, "बाबा, ही शिडी लावून स्मॅश मारते.") तिचा घोटा वळला, ती पडली. तू जाळीखालून पलीकडे गेलीस, तिच्याजवळ बसलीस, काहीतरी बोललीस. काय ते मला कधी सांगितलं नाहीस. पट्टी बांधून ती उभी राहिली. खेळायला उभी राहिली, बारके. बसून राहायची मुभा होती तिला. पंचांकडे बघून हात वर केला असता तर सामना तिथेच संपला असता, आणि कुणी नावं ठेवली नसती.

मग तू काय केलंस? शटल तिच्या हातात आणून दिलंस. उंच, मधोमध, ती जिथे उभी तिथे. मी वर गॅलरीतून "चार, चार" ओरडत होतो. आपले कोपऱ्यांचे आकडे तू पाढ्यांच्या आधी शिकलीस. चार म्हणजे जाळीलगतचा, समोरचीच्या उजव्या हाताचा. तिथे पोचायला उजवा पाय लांब टाकावा लागतो, आणि तो पाय तिच्याकडे नव्हता. तू ऐकलं नाहीस. मग मी जे ओरडलो ते जाऊ दे. तू हरलीस.

लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. तुझ्यासाठी. एक बाई डोळे पुसत होत्या. मला म्हणाल्या, "काय संस्कार केलेत हो!" मी म्हटलं, "मी जाळीलगतचा ड्रॉप शिकवला होता."

घरी आल्यावर बोललो ते बोललो. शब्द मागे घेत नाही. आवाज मोठा होता, तो घेतो.

माझं म्हणणं एवढंच. जी खेळायला उभी आहे तिच्याशी खेळायचं. तिला झेपेल की नाही हे आपण तिच्या वतीनं ठरवायचं नाही. लंगडत असली तरी ती काही तान्हं मूल नव्हती. तू तिला कडेवर घेतलंस. मला तो अपमान वाटतो.

याचं उत्तर असेल तर लिही. नसेल तर जेवतेस का नीट, एवढं लिही.

बाबा


२६ फेब्रुवारी

बारके,

उत्तर नाही. पण आत्याचा फोन आला होता. म्हणाली, "दादा, तू पोरीला पत्र लिहितोस की नोटीस पाठवतोस?" म्हणजे तू तिला वाचून दाखवलंस. बरं वाटलं.

तिच्याकडून कळलं की तू एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसतेस, आणि खिडकी इतकी बुटकी आहे की लोक वाकून स्वतःचं नाव सांगतात. आता तुझ्यासमोर दिवसभर आजारी माणसं. ठीक आहे. काम ते काम.

तुझी रॅकेट इथेच आहे, माझ्यासमोर भिंतीला. तिच्या तारा मी कापून टाकल्यात. ताणलेल्या तशाच राहिल्या तर चौकट वाकडी होते. दुसरा काही अर्थ काढू नकोस.

एक बातमी. शिडी आली होती.

गटिंगसाठी. दार उघडलं तर चौकटीत खांद्यापर्यंतच दिसली. वाकून आत आली. उजवा पाय टेकवताना आधी जमीन बघते.

"ओळखलंत का सर?"

"उंचीवरून."

"तुम्ही मला शिडी म्हणायचात ना?"

मी मशीनचा दांडा फिरवत राहिलो.

"सगळ्यांना माहीत होतं, सर. आम्हीही तुम्हाला नाव ठेवलं होतं."

"काय?"

"लॉटरी. सारखे आकडे ओरडायचात म्हणून. आम्ही सगळ्याजणी डोकं खाजवायचो, ह्या आकड्यांचा अर्थ काय."

हसलो. खूप दिवसांनी. म्हणजे कुणी समोर असताना.

रॅकेट तिची जुनीच. ताण किती ठेवू विचारलं, तर म्हणाली, "कमीच ठेवा. आता जोरात मारायचं नाहीये." स्पर्धा बंद. घोट्याचं ऑपरेशन झालंय. एवढं कसं काय झालं विचारलं. म्हणाली, "झालं." आता लहान मुलांना शिकवायचं तिच्या मनात आहे, आणि शिकवायचं कसं ते तिला माझ्याकडून शिकायचंय.

"माझ्याकडूनच का?"

"तुम्ही फार बोलता, पण खोटं गोड बोलत नाही."

सोमवारपासून ये म्हटलं. आधी तुला विचारायला हवं होतं का? विचारलं असतं. फोन उचलला असतास तर.

बाबा


१९ मार्च

बारके,

शिडी रोज येते. मुलं तिच्यावर खूश आहेत. एकानं विचारलं, "ताई, तुम्हाला पंख्याचा वारा आधी लागतो का?" तिनं त्याला उचलून वर धरलं आणि म्हणाली, "बघ, लागतो का." मग सगळी बॅच रांगेत उभी. माझा अर्धा तास गेला. ओरडलो नाही.

आकडे शिकवले तिला. अर्ध्या दिवसात पाठ केले. म्हणाली, "एवढंच होतं होय!"

बॅच सुटली की आम्ही दोघं थोडं खेळतो. पहिल्याच दिवशी म्हणाली, "सर, मला चारला टाका. तिथे पोचायचंय." मी टाकतो. एकही सोडत नाही. एखाददुसरं उचलते, बाकीची तिच्यासमोर पडतात. पडू देत. मी म्हणत होतो ते हेच. तिला दया नकोय, शटल हवंय. तुझ्या जागी मी उभा आहे आणि माझा हात अडत नाही. हे तुला लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

काल जाळी गुंडाळताना तिनं त्या सामन्याचं काढलं. मी विचारलं नव्हतं. म्हणजे एवढंच विचारलं होतं, की तू जाळीखालून जाऊन तिच्याशी काय बोललीस. ते तिनं सांगितलं. मग पुढचंही सांगितलं.

विशेष काही नाही.

तिसऱ्या कोर्टावरचा दिवा बदलला. आता तो बाकीच्यांपेक्षा पांढरा आहे, त्यामुळे त्या कोर्टावरची मुलं आजारी दिसतात. सेक्रेटरींना सांगितलं. ते म्हणाले, बघू.

काळजी घे.

बाबा


११ एप्रिल

बारके,

मागचं पत्र घाईत लिहिलं. आज काही काम नव्हतं म्हणून निवांत लिहितो.

मशीन तुझ्या खोलीतून बाहेर हलवलं. उजेड बाहेरही आहे. कॉटवर चादर घातली. खिडकीच्या कडीचा खिळा निघाला होता तो ठोकला. तू आलीस तर असं नाही, खिळा निघाला होता म्हणून.

तुझी ती खिडकी खरंच फार बुटकी असेल तर पाठीला उशी लाव. दर तासाला उठून उभी राहत जा. खांदे फिरव. डावा आधी.

त्या सामन्याचं म्हणशील तर मी विचार केला. तू जे केलंस ते चांगल्या मनानं केलंस. टाळ्या वाजवणारे सगळेच काही मूर्ख नसतात. तू बरोबर होतीस असंच धर. मी जुन्या वळणाचा, मला एवढंच कळतं, की शटल जिथे उचलता येणार नाही तिथे टाकायचं. आता तो विषय आपण बंद करू. शिडीचा पायही आता पुष्कळ बरा आहे. तिच्या पायाचं मनाला लावून घेऊ नकोस.

काल आत्याला फोन करून हेच सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दादा, तुला बरं नाहीये का?"

मी ठणठणीत आहे.

हवा बरी आहे. पलीकडच्या इमारतीला रंग देतायत, पिवळा. आमच्या भिंतीवरही त्याचा उजेड पडतो.

बाबा


३० एप्रिल

बारके,

तुझं कार्ड आलं. दाराच्या फटीतून आत सरकवलेलं होतं. मी ते बिल समजून आधी बाजूला ठेवलं. मग अक्षर दिसलं.

तू लिहिलंस: "बाबा, शेवटच्या पत्रात तुम्ही शटल मधोमध देताय. मला ओळखू येतं, मीच ते केलंय. शिडीनं काय सांगितलं ते लिहा. सगळं."

खाली सही नाही. जेवतेस का, तेही नाही. चालेल.

सगळं लिहितो. तुझं आधी लिहितो. माझं आधी लिहिलं तर तुझं हलकं होईल, आणि ते पुन्हा मधोमध दिल्यासारखं होईल.

शिडीचा घोटा वळला तेव्हा नुसता मुरगळला होता. डॉक्टरांनी तिला नंतर सांगितलं, की तिथे थांबली असती तर महिन्या-दीड महिन्यात पळायला लागली असती. जे फाटलं ते नंतर फाटलं. तू तिला उंच देत होतीस, सोपं, तिच्या डोक्यावर. तुला वाटलं, हिला पळावं लागू नये. पण उंच शटल दिसलं की शिडी उडी मारणार. तिला दुसरं काही येतच नाही, आयुष्यभर तेच केलंय तिनं. प्रत्येक वेळी ती उडाली आणि प्रत्येक वेळी त्याच पायावर उतरली. तू चारला टाकलं असतंस तर तिला दोन पावलंही टाकता आली नसती. पटपट हरली असती. बसली असती. तू तिला जिंकू दिलंस, आणि तो गेम लांबत गेला, आणि ती उड्या मारत राहिली. फायनल ती खेळलीच नाही, हे तुला माहीत आहे. त्यानंतर ऑपरेशन. पाऊल आता पूर्ण वळत नाही. वळणारही नाही. मागच्या पत्रात पाय बरा आहे लिहिलं ते खोटं होतं.

ती हे ओरडून बोलली नाही. जाळीची दोरी मनगटावर गुंडाळत होती. म्हणाली, "ती चांगली मुलगी आहे, सर. पण मला तिनं हरू द्यायला हवं होतं."

हे तुझं झालं.

आता माझं. ती पडली तेव्हा तू तिला विचारलंस, "थांबतेस का?" ती म्हणाली, "दोन पॉइंट बघते, नाहीतर सोडते." म्हणजे खेळायला उभी राहिलीच नव्हती ती. बघायला उभी राहिली होती. मी तुला पहिल्या पत्रात जे सगळं ऐकवलं, खेळायला उभी आहे तिच्याशी खेळायचं, ते ह्या एका वाक्यावर उभं होतं आणि ते वाक्य मला माहीत नव्हतं.

पहिला पॉइंट तू मधे दिलास. मी "चार" ओरडलो. दुसराही मधे दिलास. मी पुन्हा ओरडलो, तू बघितलंही नाहीस. शिडी पंचांकडे वळली होती. ती म्हणते, हात वर करायला रॅकेट डाव्या हातात घेतली होती. तेव्हा मी आकडा सोडला. आठवतंय ना, काय ओरडलो ते?

"पुढे टाक! पाय नाहीये तिला, मरेपर्यंत पोचणार नाही ती!"

सगळ्या हॉलला ऐकू गेलं. आकडा ओरडलो असतो तर ती हसली असती, लॉटरी म्हणाली असती, आणि हात वर करून घरी गेली असती. इतकी वर्षं आपण आकड्यांत बोललो ते समोरच्याला कळू नये म्हणून, आणि नेमकं त्या वेळी मी ते समोरचीला कळेल असं बोललो. तिनं रॅकेट परत उजव्या हातात घेतली. मला म्हणाली, "त्यानंतर मी मेले असते तरी सोडलं नसतं."

तेव्हा तुझ्या मनात काय होतं ते मला माहीत नाही. कदाचित तू तिसरा पॉइंट चारला टाकणार होतीस. कदाचित माझा आवाज ऐकून तू ठरवलंस, की आता तिथे मुळीच टाकायचं नाही. विचारत नाही. तुला सांगावंसं वाटलं तर सांग.

यातलं किती तुझं आणि किती माझं, याची वाटणी मला जमत नाही. करून बघितली. प्रत्येक वेळी माझ्या सोयीची होते.

आणखी एक राहिलं. मी चारला टाकत नव्हतो. एकही सोडत नाही असं तुला लिहिलं, ते खोटं. हात नीट वर जातो, मनगटही वळतं, आणि शटल तिच्या समोर, मधे जाऊन पडतं. मी किती वर्षं ड्रॉप शिकवतोय, तुला माहीत आहे. ती दर वेळी म्हणते, "सर, झोपलात का?" एकदा रॅकेट खाली ठेवून जाळीपाशी आली आणि विचारलं, "तिला सांगितलंत का?"

"कुणाला?"

"सर."

"नाही सांगितलं."

"का? तिला झेपणार नाही म्हणून?"

मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. सुटली नव्हती.

त्या दिवशी घरी येऊन मी तुला ते पलीकडच्या पिवळ्या इमारतीचं पत्र लिहिलं. लिहिताना मला वाटत होतं मी प्रेमळपणा करतोय. टाकून आलो तेव्हा चालताना एकदम हलकं वाटलं. हे हलकं वाटणं मला ओळखता यायला हवं होतं. डोळे पुसणाऱ्या त्या बाईंनाही तसंच वाटलं असेल.

तुझं कार्ड घेऊन मी दुसऱ्या दिवशी हॉलवर गेलो. शिडीला दाखवलं. तिनं दोनदा वाचलं आणि म्हणाली, "हिला बरोबर कळलं की." मग आम्ही खेळलो. मी चारला टाकलं. ती पोचली नाही. पुन्हा टाकलं. नाही पोचली. आम्ही खूप वेळ तेच करत राहिलो. निघताना ती लंगडत होती, पण रोजच लंगडते. मला तिला जिन्यावरून हात द्यावासा वाटला. तिनं मागितला नाही, मी दिला नाही. खाली उतरायला तिला बराच वेळ लागला. मी वर थांबून दिवे बंद करत राहिलो.

मी तिला विचारलं, आमच्यावर रागावली आहेस का. ती म्हणाली, "तुमच्यावर होते. तिच्यावर आहे."

ती तुला स्वतः लिहायचं म्हणते. तुझा पत्ता मागितला. गोड लिहिणार नाही, हेही आधीच सांगितलं. मी म्हटलं, तिला विचारल्याशिवाय देणार नाही.

म्हणून विचारतो. द्यायचा का? नको असेल तर नको म्हणून लिही, मी तुला भित्री समजणार नाही आणि परत विचारणार नाही. हवा असेल तर ज्या दिवशी तुझं कार्ड येईल त्या दिवशी देईन. मला वेगळं काही लिहिलं नाहीस तरी चालेल. जागा उरली तर त्याच कार्डावर तिला दोन ओळी लिही.

बाबा